पाबे घाटापलीकडची खबर

“काल दिवसभर कुठं उलथली होतीस गं? पहाटे फाटक वाजलं, ते थेट रात्री परत वाजलं. मधे तुझ्याकडं कुरिअरवाला दोनदा येऊन गेला, गॅसवाला एकदा. सगळ्यांना मीच उत्तरं दिली.”

आमच्या आणि काकूंच्या घरामधली भिंत छातीएवढी आहे. बांधणाऱ्यानं ती दोन घरं वेगळी दिसावीत म्हणून बांधली असणार. काकूंनी तिच्यावर कधी वाळवणाचं ताट, कधी कढीपत्त्याची कुंडी, कधी नातवाचा डबा ठेवून तिचा ओटा करून टाकलाय. संध्याकाळी त्या तिथं काहीतरी सोलत उभ्या असतात आणि ऑफिसातून आलेली मी चप्पल काढायच्या आत तावडीत सापडते. काल रविवार होता, म्हणजे आज दोन दिवसांचा हिशेब.

“सायकलवर गेले होते, काकू. वेल्ह्याला.”

पावट्याची शेंग हातातच राहिली.

“वेल्ह्याला? आमच्या?”

काकूंचं माहेर कानंद खोऱ्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जमिनीच्या गोष्टी येणार आहेत.

“नसरापूरवरनं गेलीस?”

“नाही. जाताना खडकवासला, खानापूर, तिथून डावीकडं वळून पाबे घाट. येताना नसरापूर, खेड शिवापूर आणि जुना कात्रज. शंभराच्या पुढं झाले किलोमीटर.”

“पाबे घाट सायकलनं!” काकूंनी भिंतीवर हात टेकले. “अगं, लोक जीपनं जाताना देवाचं नाव घेतात. आणि एकटी?”

“पाच जण होतो. एक दातांचे डॉक्टर, दोघं आयटीतले, आणि एक कॉलेजातली मुलगी. ती आमच्यात सगळ्यात पुढं. पुढच्या महिन्यात तिला बीआरएम करायचीय.”

“हे काय आणखी?”

“दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आलात तर आलात. ते झालं की तीनशे, मग चारशे, मग सहाशे. सगळं जमलं तर फ्रान्सला जायचं. पॅरिसहून ब्रेस्ट नावाच्या गावाला जाऊन परत, बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत. दर चार वर्षांनी असते.”

“आणि तिथंपण बक्षीस नाही?”

“नाही.”

“म्हणजे वारीच की. फक्त विठोबा नाही.” काकूंनी निकाल दिला आणि शेंग सोलली. “तुमचे ते काका रोज खडकीला फॅक्टरीत सायकलनं जायचे. तेव्हा अख्खं पुणं सायकलवर होतं. पण रविवारी सायकल भिंतीला टेकवून ठेवायचे, तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. तुमचं उलटंच. आठवडाभर गाडीनं फिरायचं आणि सुट्टीच्या दिवशी घाम गाळायचा. आणि ती चड्डी! मागं उशी शिवल्यासारखी. मी पहाटे खिडकीतनं बघितलं, म्हटलं ही बाई पडली-बिडली की काय, बँडेज बांधलंय.”

चड्डीवर मी कधी वाद घालत नाही. सहा तास त्या खोगिरावर बसल्याशिवाय उशीचं मोल कळत नाही आणि बसल्यावर सांगायची गरज राहत नाही.

“थंडी नाही वाजली?”

थंडीचं विचारलं ते बरं झालं, कारण कालच्या दिवसाची खरी सुरुवात तिथंच होती. खडकवासल्याच्या भिंतीपाशी आलो तेव्हा सात वाजायचे होते. पाण्यावर वाफ तरंगत होती आणि रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्यांच्या टपऱ्या अजून ताडपत्रीखाली झोपलेल्या. हातमोजे घालूनही बोटं अशी आखडली होती की ब्रेक दाबला की नाही ते चाकाकडं बघून ठरवावं लागे. डोणजे फाट्याला सगळ्या गाड्या सिंहगडाकडं वळल्या. रविवारी सकाळी पुण्यातली निम्मी माणसं गडावर पिठलं-भाकरी खायला निघालेली असतात. त्या वळल्या आणि पुढचा रस्ता एकदम मोकळा झाला. डावीकडं वर टीव्हीचा मनोरा घेतलेला सिंहगड, उजवीकडं धरणाचं पाणी, आणि मधे आमच्या साखळ्यांची कुरकुर.

“वर्तमानपत्र घातलं होतं छातीला,” मी म्हटलं.

“काय घातलं होतंस?”

“रविवारची पुरवणी. जर्किनच्या आत, छातीवर, घडी घालून. चढताना घाम येतो आणि उतरताना तोच घाम गार पडतो. कागद वारा अडवतो. फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीत डोंगरमाथ्यावर पूर्वी प्रेक्षक सायकलवाल्यांच्या हातात पेपर द्यायचे, तो खोचून ते खाली सुटायचे.”

काकू हसल्या. “आमचे आबा पोतं घ्यायचे. रिकामं, तागाचं. एक कोपरा दुसऱ्यात दुमडला की खोळ होते बघ, ती डोक्यावरनं पाठीवर. सायकलवर पुढं-मागं तांदळाच्या पिशव्या, अंगावर पोतं, आणि असे नसरापूरच्या बाजाराला. आम्ही बंधाऱ्यापर्यंत मागं पळत जायचो. तुझ्या त्या फ्रान्सवाल्यांना सांग.”

सांगायला हवं खरंच.

“घाट चालत चढलीस की बसून?”

“थोडा बसून, थोडा ढकलत.”

आता घाटाविषयी थोडं. सायकलवाल्यांत घाट ढकलत चढणं कमीपणाचं मानतात. मला ते पटत नाही. खानापूर सोडून डोंगराला लागलं की रस्ता काही वळणांवर असा उभा होतो की मागची सगळ्यात मोठी चकती आणि पुढची सगळ्यात छोटी लावूनही पाय चिखलातून काढल्यासारखे निघतात. तेव्हा उतरावं. उतरलं की माणसं भेटतात. मला तिथं डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई भेटली. चढावर सायकल ढकलणारी बाई आणि मोळी नेणारी बाई यांचा वेग एकच पडतो, त्यामुळं आम्ही दोन वळणं बरोबर चाललो. तिनं आधी सायकलची किंमत विचारली. ती प्रत्येक गावात विचारतात, मी प्रत्येक वेळी खरी सांगत नाही. मग म्हणाली, “आन् ह्याचा पगार किती देत्यात?”

“कशाचा?”

“हे चढायचा.”

“काही नाही, मावशी. हौस आहे.”

ती पुढच्या वळणापर्यंत गप्प राहिली. मग मोळी एका हातानं सावरत म्हणाली, “मग घ्या की जरा येळ ही हौस,” आणि मोळीकडं डोळ्यांनी खूण केली. दोघी हसत सुटलो. तिची मुलगी धायरीला दिलीय, म्हणजे आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जावई रिक्षा चालवतो, सासू खट आहे, नातू इंग्रजी शाळेत घातलाय पण त्याला आजीची भाषा कळेनाशी झालीय. दोन वळणांत एवढं. मोटारीनं तो घाट कितीही वेळा चढा, यातलं अवाक्षर कानावर पडायचं नाही.

“खट म्हणजे कशी?” काकूंनी लगेच विचारलं. “काय करते?”

“तेवढं विचारलं नाही.”

“मुद्द्याचं कधी विचारत नाहीस तू.”

माथ्यावर आम्ही बराच वेळ बसलो. मागं बघितलं तर सिंहगड, समोर तोरणा आणि राजगड. तोरणा चौदाशे मीटरच्या वर, आडवातिडवा, खोरंच्या खोरं अडवून बसलेला. प्रचंडगड हे त्याचं दुसरं नाव बघितल्याक्षणी पटतं. राजगड त्या मानानं आखीव. महाराजांनी स्वराज्याच्या अगदी सुरुवातीला तोरणा घेतला, तिथं सापडलेलं धन समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्च केलं आणि त्याचा राजगड झाला, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण दोन्ही डोंगर एका नजरेत दिसले की ते पाठांतर नुसतं पाठांतर राहत नाही. इकडचं तिकडं नेलं, एवढंच अंतर आहे मधे.

आयटीतला एक जण नकाशा बघत होता. त्याच्यामुळं आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती मी काकूंना सांगितली, कारण ती त्यांच्याच कामाची होती.

“काकू, तो घाट म्हणजे पाण्याची वाटणी आहे. माथ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस मुठेला जातो, म्हणजे खडकवासल्याला, म्हणजे आपल्या नळाला. दक्षिणेला पडलेला कानंदीला, गुंजवणीला, तिथून नीरेला.”

“ते माहितीय. म्हणून तर पानशेत फुटलं तेव्हा आमच्याकडं काहीच झालं नाही. बारा जुलै एकसष्ट. मी आठ वर्षांची. पुण्यात वाडेच्या वाडे वाहून गेले आणि आमच्या गावात कुणाला पत्ता नाही. दोन दिवसांनी कुणीतरी चालत आलं घाट उतरून, तेव्हा कळलं. आत्या पुण्यात ओंकारेश्वरापाशी राहायची. आबा तसेच निघाले. ती सापडली शाळेत, लेकरं घेऊन बसलेली.” काकू क्षणभर थांबल्या आणि मग हात झटकून म्हणाल्या, “बरं, पुढं?”

“पुढं हे, की मुठेचं पाणी भीमेला मिळतं. आणि नीरापण भीमेलाच मिळते, खाली नीरा नरसिंहपूरला. म्हणजे माथ्यावरचे दोन थेंब इकडं-तिकडं पडले तरी शेवटी—”

“पंढरपूरला.” काकूंनी वाक्य काढून घेतलं. “म्हणजे सासरचं पाणीपण तिथंच आणि माहेरचंपण तिथंच. मग मधे एवढा घाट कशाला ठेवलान देवानं?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या गटातल्या कॉलेजवाल्या मुलीकडं असतं. तिच्या मते घाट चढायला ठेवलेत.

उताराबद्दल काकूंना ऐकायचं नव्हतं, म्हणून त्यांना सांगितलं नाही. इथं सांगते. पाबे घाटाचा वेल्ह्याकडचा उतार हा आनंद मानायचा की शिक्षा, हे ब्रेकच्या रबरावर अवलंबून असतं. वळणांवर खडी सांडलेली असते आणि ती नेमकी जिथं चाक वळवायचं तिथंच. दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबायचे, एकच दाबून धरायचा नाही, नाहीतर रिम तापते. खाली थांबल्यावर मी रिमेला बोट लावून बघितलं, आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट झाली होती. कान मात्र बधिर. पुरवणी घामानं भिजून तिची शाई बनियनवर उतरली होती. एका दागिन्यांच्या जाहिरातीतलं अर्धं मंगळसूत्र माझ्या छातीवर छापलं गेलंय, ते आज धुऊनही निघालेलं नाही.

“आता सांग, वेल्ह्यात काय बघितलंस?”

“गर्दी बघितली. ट्रेकवाल्या पोरांच्या बस. आणि तालुक्याचं नाव आता राजगड झालंय ना.”

“कागदावर झालं असेल. एसटीत मास्तर काय ओरडणार? वेल्हंच ओरडणार. मेंगाई कुणाची? वेल्ह्याचीच. जेवलात काय?”

“पिठलं, तांदळाची भाकरी, पावट्याची उसळ आणि इंद्रायणी.”

“मऊ होता?”

“हो, चिकट, वासाचा.”

“चिकट असायचाच तो. आमच्या लहानपणी नव्हती इंद्रायणी. आंबेमोहर होता. पीक कमी, पण शेजारच्या घरी शिजला तरी कळायचा.”

“इंद्रायणी आली १९८७ला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं काढली. आंबेमोहराचाच वंश आहे तिच्यात.”

“म्हणजे नातच. तरीच जरा वास येतो.” पावट्याची एक किडकी शेंग भिरकावत काकू म्हणाल्या, “सारखा फोन बघून बोलू नकोस. खाचरं कशी दिसत होती ते सांग.”

खाचरं रिकामी होती. भातं कधीच निघालेली, धसकटं उरलेली, बांधांवर पेंढ्याच्या गंज्या. ओल राहिलेल्या तुकड्यांत हरभरा आणि मसूर. एके ठिकाणी दोन पोरं आणि एक म्हातारा पाचोळ्याच्या जाळावर हरभऱ्याचे डहाळे भाजत बसले होते. त्यांनी हात केला म्हणून थांबलो. हुळा खाल्ला, तोंडं काळी केली. पुण्यात थंडी म्हटलं की लोक हुरडा-हुरडा करतात, पण ज्वारीचं ते लाड तिकडं सोलापूर-नगरकडं. या डोंगरात थंडीचं खाणं म्हणजे पावटा आणि हुळा. म्हाताऱ्यानंही किंमत विचारली. डॉक्टरांनी खरी सांगितली. म्हातारा जाळाकडं बघत म्हणाला, “म्हशी दोन आल्या असत्या.” मग त्यानं सायकलीला एक प्रदक्षिणा घातली. दूध काढायची जागा शोधत असावा.

हिवाळ्यात या भागात सायकल घेऊन जावं ते एवढ्याचसाठी. पावसाळ्यात हिरवं बघायला झुंडी जातात, पण तेव्हा गावातलं माणूस गुडघाभर चिखलात वाकलेलं असतं, त्याला मान वर करायला फुरसत नसते. उन्हाळ्यात सावली सोडून कुणी रस्त्यावर येत नाही. मार्गशीर्ष-पौषात भात घरात आलेलं असतं, राब भाजायला अजून वेळ असतो, आणि माणसं उन्हाला पाठ करून ओट्यावर बसलेली असतात. त्यांना बोलायचंच असतं. मोटार थांबत नाही, मोटारसायकल ऐकत नाही. सायकलवाला दोन्ही करतो, शिवाय दमलेला असतो, त्यामुळं पळून जात नाही.

“आमच्या घरी गेलीस का नाही?” काकूंनी आता शेंगा बाजूला ठेवल्या.

“गेले ना. दादांनी सायकल ओसरीवर चढवायला लावली, बाहेर ठेवू देईनात.”

“आणि वहिनी?”

“वहिनींनी आधी विचारलं, नवरा कुठंय. मग चहा दिला. मग परत विचारलं, नवरा कुठंय.”

“तिला पटायचं नाही. गुडघे कसे आहेत तिचे?”

“खाली बसत नाहीत. खुर्चीवर बसून भाकरी थापतात, गॅसचा ओटा केलाय आता.”

“आणि पोराचं? जमलं?”

इथं मी जरा सावरून बोलले. भाचा शिरवळला कंपनीत आहे, कायम झालाय, दिसायला चांगला, व्यसन नाही. पण मुली बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, पुण्यात फ्लॅट आहे का. नाही म्हटलं की चहाचे कप उचलले जातात. दुसरा प्रश्न येतो, शेती किती. ती आहे म्हटलं की विचारतात, मुलीला करावी लागेल का. म्हणजे शेती असावी, पण मुलीनं बघू नये. त्या दिवशीही कुठून तरी निरोप येणार होता आणि वहिनींचं अर्धं लक्ष फोनकडं होतं.

“भोरकडची एक होती ती?”

“ती मोडली.”

“मला कुणी सांगितलं नाही.” काकूंचा चेहरा पडला. मोडल्याचा भाग वेगळा, पण ही बातमी त्यांच्याकडं भिंतीवरून यावी आणि फोनवरून येऊ नये, हे त्यांना लागलं असणार. “बरं. किती वाजता निघालीस तिथनं?”

“साडेतीनला. दादाच म्हणाले निघा, ऊन जाईल.”

“जाणारच. तोरणा पश्चिमेला ना. इथं सहापर्यंत उजेड असतो, आमच्याकडं त्याच्या आधीच डोंगर सूर्य गिळतो. शाळेतनं येताना आम्ही सावलीच्या पुढं पळायचो. सावली ओढ्यापाशी पोचायच्या आत घरी पोचलं तर आई काही बोलायची नाही. पोचलं नाही तर फोकानं.”

ते मी काल अंगावर घेतलंय. वेल्ह्याहून नसरापूरला जाणारा रस्ता नदीच्या कडेनं हलका उतरत जातो, दिवसातला सगळ्यात सोपा तुकडा. तरी मागून सावली येत होती आणि ती शिरली की दोन पायऱ्या विहिरीत उतरल्यासारखी हवा बदलत होती. वाटेत विंझर, करंजावणे, आंबवणे ही गावं, आणि मार्गासनीला राजगडाकडं जाणारा फाटा. विंझरच्या पुढं कॉलेजवालीच्या चाकात बाभळीचा काटा गेला. तिनं ट्यूब बदलेपर्यंत आजूबाजूला सात-आठ पोरं जमली, आणि त्यातल्या एकानं पंप मारायचा ठेका घेतला. इतक्या जोरात मारला की डॉक्टरांना त्याला थांबवावं लागलं.

“नसरापूरला बाणेश्वर बघितलं,” मी म्हटलं. “आत गारवा असा, की घाम पुसायची गरज पडली नाही. नानासाहेब पेशव्यांच्या वेळचं देऊळ, आणि घंटेवर १६८३ साल. महादेवाची घंटा आणि तिच्यावर क्रूस! पोर्तुगीजांची ती. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा—”

“बाणेश्वर राहू दे.” काकूंनी भिंतीवरची परात उचलून खाली ठेवली. मधे आता काहीच राहिलं नाही. “तू मघापासून फिरवतेयस मला. ओढ्याकाठचं खाचर. आंब्याखालचं. रस्त्यावरनं दिसतं. दिसलं का नाही?”

दिसलं होतं. मी ते शेवटाला ठेवलं होतं आणि काकूंनाही ते कळलं होतं.

वेल्ह्यापासून खाली येताना दर थोड्या अंतरावर एक पाटी असते. जागा विकणे आहे. गडाचे दर्शन, नदीचा किनारा, रस्त्यालगत. खाली फोन नंबर. जिथं पाटी काढलेली असते तिथं दगडी खांब, लोखंडी फाटक, तारेचं कुंपण आणि आत एक राखणदार, जो बिचारा कुठून तरी हजार किलोमीटरवरून आलेला असतो आणि ज्याला शेजारच्या गावाचं नाव माहीत नसतं. मालक महिन्यातून एकदा येतो. अशा कुंपणांचा मला राग येतो तो भावनेपोटी नाही. ज्याच्या पलीकडं कुणी उभंच नाही असं कुंपण काय कामाचं? बोलणार कुणाशी? पाणी मागितलं तर राखणदारानं दिलं, पण फाटकाच्या गजांतून बाटली ओढून घेऊन, भरून परत गजांतून. फाटकाची किल्ली त्याच्याकडं नव्हती.

“दिसलं. तार घातलीय.”

काकू गप्प.

“चारी बाजूंनी. सिमेंटचे खांब. आंबा आत आलाय.”

“विकलं,” काकू म्हणाल्या. “मला न विचारता विकलं. कसं विकलं पण? माझी सही कुठाय? वडलार्जित आहे ते. मुलींना हक्क आपल्याकडं चौऱ्याण्णवलाच दिलाय, आणि दोन हजार पाचला दिल्लीनं दिला. मला सगळं माहितीय. हक्कसोड पत्र घेऊन दादा आला होता इथं, आठ-दहा वर्षं झाली. पुरणपोळी खाऊ घातली आणि सही केली नाही. सातबाऱ्यावर नाव आहे माझं. तलाठ्याकडनं उतारा काढून आणलाय मी, कपाटात आहे.”

“काकू, ऐका तरी. विकलं नाही. पाटी आहे तिथं.”

“कसली?”

“‘सदर जमीन विकणे नाही’ अशी.”

पुण्याहून वेल्ह्यापर्यंत कुठंही फिरलेल्या माणसाला ही पाटी नवी नाही. एजंट लोक परस्पर कुणाचीही जागा दाखवून विसार घेतात, म्हणून मालक ती लावतात. दादांनीही तेच सांगितलं. दर रविवारी कुणीतरी गाडी लावून खाचरात उतरतं, आंब्याखाली उभं राहून फोटो काढतं, भाव विचारतं. एकानं तर बंगला कुठं येईल त्याच्या चार खुंट्या मारल्या होत्या. त्या उपटून दादांनी तार घातली, मुलाच्या बोनसमधून.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला, पण पुरता नाही. बँकेत पासबुक भरून घेताना लोक शेवटचा आकडा पुन्हा तपासतात, तसं त्यांचं चाललं होतं.

“विकणे नाही म्हणजे कुणीतरी विचारलंय. विचारलंय म्हणजे भाव सांगितलाय. किती?”

“ते दादांनी सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस!”

“नाही.”

“शंभर मैल सायकल दामटून गेलीस आणि भाव विचारला नाहीस. कमाल आहे बाई.” मग आवाज खाली आणून, “पाटीवर आणखी काय लिहिलंय? नाव आहे ना मालकाचं? असतं.”

मी फोन काढला. फोटो काढला होता, कारण त्या पाटीवर एक खंड्या बसला होता आणि तो निळा रंग मला सोडवला नाही. काकूंनी खंड्याकडं बघितलंही नाही. चष्मा कपाळावरून नाकावर आणला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, इतका मोठा की नुसती अक्षरं उरली. ओठ हलवत वाचलं.

“आडनाव बरोबर आहे. आणि पुढं?”

“‘बंधू’ लिहिलंय.”

“अमुक अमुक बंधू.”

“हो.”

“बंधू.” काकूंनी फोन मला परत दिला आणि पदराला हात पुसून स्वतःचा काढला. तो त्यांच्या कानाला लागायच्या आधीच पलीकडून रिंग ऐकू येत होती, कारण काकूंच्या फोनचा आवाज नेहमी शेवटच्या पट्टीवर असतो. दादांनी लगेच उचलला.

“हॅलो, दादा? मी बोलतेय. गुडघे कसे आहेत वहिनीचे? हो, आली ती, पोचली. हो, सगळं सांगितलं. बरं, मला एक सांग. पाटी कुणाकडनं रंगवलीस? नसरापूरचा का? त्याला परत बोलव. बंधूच्या पुढं जागा आहे ना? मग तिथं ‘आणि भगिनी’ लिहायला किती घेईल ते विचार. पैसे मी देते.”